सरकत्या जिन्यावरच्या आकडीच्या पात्याबाबत

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री, वय ५८ वर्षे, नोकरी कपड्यांच्या कारखान्यात, राहणार कारखान्यामागची वसाहत, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

मी पत्नीसह वरील पत्त्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी आजारपणात तिच्या उजव्या हातातली ताकद गेली. बाटलीचे झाकण, औषधाचे पाकीट, सगळ्यालाच अडू लागले. "हाक मार ना," असे मी म्हणालो होतो. "अहो, दिवसाला किती हाका मारू?" असे ती म्हणाली. नंतर तिने हाक मारणेच बंद केले.

म्हणून मी माझे घडीचे मल्टीटूल, म्हणजे पकड, सुरी, पेचकस एकत्र असलेले हत्यार, तिच्यासाठी बदलायला घेतले. पहिला प्रयत्न तिने पाच मिनिटांत परत केला. म्हणाली, "हे उघडायला मला तिसरा हात लागेल." मग पकडीत स्प्रिंग घातली, मुठीला मशीनच्या जुन्या पट्ट्याचे रबर चिकटवले, खिशाची क्लिप डावीकडे घेतली. टोकदार सुरी काढून तिथे आकडीसारखे पाते बसवले. त्याची धार आतल्या बाजूला असून टोक बोथट आहे. या कामाला चार रविवार गेले. तेव्हापासून ते रोज तिच्या खिशात असते.

आज सकाळी ११.४०च्या सुमारास आम्ही दुकानांच्या इमारतीतल्या सरकत्या जिन्याने वर जात होतो. पुढे एक शिक्षिका उभ्या होत्या. त्यांच्या गळ्यातल्या स्कार्फचे टोक पायरीच्या फटीत गेले. त्या एकदम खाली ओढल्या गेल्या. त्यांच्या तोंडून आवाज निघत नव्हता. पत्नीने डाव्या हाताने मल्टीटूल काढले, दाताने नाही, अंगठ्याने उघडले, आकडी स्कार्फखाली घातली आणि तो कापला. मानेवर ओरखडाही नाही. त्यानंतर कोणीतरी जिना बंद केला.

मी त्या वेळी काय केले, असे विचारल्यावर सांगतो की, काहीच नाही. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्या खाली ठेवेपर्यंत सगळे आटोपले होते.

इमारतीच्या पहारेकऱ्याने लांबून फक्त पाते पाहिले व पत्नीचा हात धरला. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. "काकू, हल्ला केलात का?" या त्याच्या प्रश्नावर पत्नी म्हणाली, "केला. स्कार्फवर." शिक्षिकांनी स्वतः इथे येऊन हकिकत सांगितल्यावर इमारतीच्या व्यवस्थापकांनी पत्नीविरुद्ध दिलेली तक्रार मागे घेतली.

तक्रारीत "मिस्त्रीचे हत्यार" असे लिहिले होते. ते दुरुस्त करावे. ते तिचे आहे. मला परत देऊ नये, तिच्या हातात द्यावे, असे मी सांगितले व तसे देण्यात आले.

जबाब लिहिताना हवालदारसाहेबांच्या चष्म्याची काडी निखळली. पत्नीने चष्मा मागून घेतला, मांडीवर ठेवला व मल्टीटूलच्या बारीक पेचकसाने स्क्रू बसवू लागली. स्क्रू दोनदा घरंगळला. मी मदतीला हात पुढे केला. "अहो, बसा," असे ती म्हणाली. मी बसलो.

वरील जबाब हवालदारसाहेबांनी तोच चष्मा लावून मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, एक शब्दही बदलायचा नाही.