पप्पा लिफ्टमध्ये, किल्ली पप्पांच्या खिशात

...आणि वर मलाच म्हणतात, विसावा घ्या! तुम्हाला सांगतो, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, उंच इमारतीत नुसत्या दोरांच्या भरवशावर लोंबकळताना कधी घाबरलो नाही, पण रविवारला मात्र घाबरतो! घरात कायदा सासऱ्यांचा, म्हणजे पप्पांचा. निवृत्त मुख्याध्यापक ते. शनिवारी संध्याकाळी माझी हत्यारांची पिशवी त्यांच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात. ‘‘जावईबापू, उद्या प्रभूचा दिवस. पान्याला हात लावायचा नाही!’’

त्या रविवारी आमच्याच इमारतीची लिफ्ट सकाळपासून कण्हत होती हो! म्हटलं, पप्पा, जरा बघू का? ‘‘पान्याला हात लावायचा नाही!’’ बरं. चर्चमधल्या उपासनेहून आलो, म्हटलं, निदान जिन्यानं तरी चला. ‘‘गुडघे कुणाचे आहेत, तुमचे का माझे?’’ शिरले आत, दार मिटलं, आम्ही नवराबायको आपले जिन्यानं... आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये, खाड्! दिवा गेला. लिफ्ट अडकली.

आता मला ठाऊक आहे, लिफ्ट अशी सहजासहजी कोसळत नसते. लोकांना मी हेच छाती ठोकून सांगतो. पण आत आपलं माणूस असलं ना, की छाती ठोकायला हातच उठत नाही! दाराला कान लावला.

‘‘पप्पा, घाबरू नका, मी आहे!’’

‘‘हातात काय आहे?’’

‘‘काही नाही! पिशवी तुमच्या कपाटात, वरच्या मशीनच्या खोलीची चावी पिशवीत, कपाटाची किल्ली तुमच्या खिशात! फटीतून सरकवा ना!’’

‘‘आज वार कोणता?’’

‘‘पप्पा!’’

‘‘मी बसतो उद्यापर्यंत. पान्याला हात लावायचा नाही!’’

आणि आत बसून गाणं म्हणायला लागले की हो! पहिलं कडवं खणखणीत. दुसऱ्याला दम लागला. तिसरं... तिसरं अर्ध्यातच थांबलं. ‘‘पप्पा? अहो पप्पा?’’ काही नाही! मी दार बडवायला लागलो. आणि आमच्या हिनं काय करावं? धावत वर गेली आणि कपाटाच्या दाराला अशी लाथ हाणली, अशी लाथ हाणली, की कुलूप एकीकडे, कडी दुसरीकडे! पिशवी माझ्या अंगावर टाकून म्हणते, ‘‘आधी पप्पांना काढा. देवाशी मी बोलते!’’

वर पळालो, वीज तोडली, ब्रेक सैल करून चाक हातानं इंच इंच फिरवलं, ही खालून ओरडतेय, ‘‘अजून! अजून थोडं! बास!’’ आणि खाली येऊन दार उघडलं तर पप्पा जमिनीवर, घामानं भिजलेले, डोळे उघडे. पाणी पाजलं. माझं मनगट असं घट्ट धरलं, सोडेचनात. हळूच म्हणाले, ‘‘फार भ्यालो हो. शब्दच आठवेना गाण्याचा.’’

मला रडूच आलं. म्हटलं, चला, सुटलो! आता तरी कायदा ढिला होईल! पप्पांनी तोंड पुसलं, चष्मा चढवला आणि निकाल दिला, ‘‘जावईबापू, माझ्यापायी तुमचा विसावा बुडाला. तो भरून काढायलाच हवा. सोमवारी घरीच बसायचं!’’

काय करता? बसलो.