आल्विसे झेन्नारो यांनी आमच्या घरी भात खाल्ल्याबाबत

नाव: नेवियो बुझेत्तो, उर्फ "अर्धा". वय: २१ वर्षे. धंदा: घरे रंगविण्याची मजुरी. शिक्षण: पादोव्हा येथे इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष, अपुरे. राहणार: कालव्याकाठची ओळ, घर क्रमांक १४, माल्वेरा बेट.

उर्फ लावू नये असे मी म्हणालो. परंतु बेटावर नेवियो बुझेत्तो नावाचे तिघे आहेत, त्यांतले एक बहात्तर वर्षांचे आहेत, आणि ठाण्याचा कागद चुकून त्यांच्या हाती पडला तर ते तिथेच आडवे होतील, असे हवालदार म्हणाले. म्हणून लावू दिले. कॉलेज का सोडले असे विचारता, पादोव्हाहून बेटावरची बेकरी लांब पडते, असे मी सांगितले.

आज बुधवार दिनांक १९ नोव्हेंबर रोजी दुपारी मी ठाण्यात समक्ष येऊन, कोणी न ढकलता, सांगतो की,

वरील पत्त्यावर मी व माझी आई रेनाता असे दोघे राहतो. वडील वारले आहेत. आमच्या पलीकडे एक तांबडे घर सोडून आल्विसे झेन्नारो यांचे घर आहे. ते मासेमारी करतात. कोणाच्या घराला कोणता रंग हे नगरपालिका ठरवते. आमचा पिवळा, झेन्नारोंचा निळा. एका ओळीत एक रंग दोनदा देत नाहीत, कारण धुके पडले की आम्ही दार रंगावरून ओळखतो. फौजदारसाहेब दक्षिणेकडचे असल्याने त्यांना हे खोटे वाटते.

झेन्नारो यांची मुलगी मारिका, वय २०, बेकरीत काम करते. शनिवारी दि. ८ रोजी सकाळी मी पाव घ्यायला गेलो. माझ्यापुढे सात बायका होत्या. माझी पाळी आल्यावर, उद्या आमच्याकडे जेवायला येशील का, असे मी मारिकाला विचारले. ती म्हणाली, "तुमचं घर आमच्या घराच्या रंगाचं होईल ना, त्या दिवशी येईन." सातही बायका हसल्या. त्यांचे पाव घेऊन झाले होते तरी त्या गेल्या नव्हत्या. माझ्या मते ती अट होती. फौजदारसाहेबांच्या मते तो नकार होता. दोन्ही लिहून घ्यावे.

त्याआधीच आल्विसेकाकांनी, "त्या अर्ध्याच्या उंबऱ्याला या जन्मात पाय लावणार नाही," असे मच्छीबाजारात सगळ्यांसमोर सांगितले होते.

रविवारी दि. १६ रोजी लोक चर्चमध्ये असताना मी आमच्या घराची पुढची भिंत निळी केली. परवानगी घेतली नाही. रंग मीच मिसळला. झेन्नारोंची भिंत उन्हाळ्यात मीच रंगवली असल्याने प्रमाण पाठ होते. त्या कामाला दोन दिवस लागायचे ते मला नऊ लागले, कारण मारिका खिडकीत बसत असे. हे वाक्य खोडले तरी चालेल.

मारिका रविवारी आली नाही. सोमवारी बेकरीत तिने पाव कागदात गुंडाळून दिला आणि माझ्या मागच्या बाईला "बोला" म्हणाली.

मंगळवारी दि. १८ रोजी सकाळी दाट धुके होते. हात लांब केला तर बोटे दिसत नव्हती. साडेदहाच्या सुमारास मी जिन्यात बसून ब्रश धूत होतो. आई चुलीशी होती. दार ढकलून आल्विसेकाका आत आले. त्यांनी दारात गमबूट काढले, धुरकटलेला चष्मा काढून टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि आईच्या पाठीकडे बघून म्हणाले, "वाढ गं. आणि त्या अर्ध्याचं नाव काढू नकोस आज, आधीच डोकं उठलंय."

 आईला वाटले, मुलीचा बाप सोयरिकीचे बोलायला आला आहे आणि सुरुवात कडक करतो आहे. तिने माशांच्या पाण्यात शिजवलेला भात वाढला. काकांनी तो संपवला, ताट पुढे केले आणि म्हणाले, "आज भात जमलाय. रोज असा करायला काय होतं तुला?" आईने पुन्हा वाढला. त्यानंतर चुलीकडे पाय करून ते खुर्चीतच झोपले. मी जिन्यात गप्प बसून होतो. मी भांडणाच्या जागी गप्प बसलो अशी ही एकच वेळ, आई साक्षीदार आहे.

ते घोरू लागताच आई दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यांकडे जाऊन आली. शेजारून बातमी तांबड्या घरात गेली, तिथून झेन्नारोकाकूंकडे. भाताबद्दलचे वाक्य त्यांना शब्द न शब्द कळले.

बाराच्या घंटेला काका जागे झाले. चष्मा लावल्यावर त्यांना भिंतीवर माझ्या वडिलांचा फोटो दिसला. फोटोला ते म्हणाले, "तू माझ्या घरात काय करतोयस?" मग त्यांनी आईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि तसेच मोज्यांवर बाहेर धावले. धुके जरा विरळ झाले होते. भिंत बघून ते ओरडले, "रंग चोरला! माझा रंग चोरला रे!" लोक जमले. त्यांना बाजूची भिंत दिसली. ती पिवळीच राहिली होती. ते म्हणाले, "पुढून निळं, बाजूनं पिवळं! कॉलेज अर्धं, भिंत अर्धी. पोरगी पण अर्धीच देऊ का तुला?"

यावर मी उरलेल्या रंगाची बादली त्यांच्या पायाशी ओतली. हवालदारांनी "सांडली" असे लिहिले होते, ते मी बदलायला लावले. ओतली.

काका मोज्यांवर आपल्या घरी गेले. माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत निळी पावले उमटली आहेत. बावीस आहेत, मी मोजली. ते आमच्याकडे आलेच नव्हते, असे आता त्यांना काकूंना सांगता येत नाही. दार उघडल्यावर काकू एवढेच म्हणाल्या, "जेवून आलात ना? मग आता इथं कशाला?" म्हणून काकांनी माझ्याविरुद्ध, घराने फसवले अशी तक्रार दिली आहे, असे माझे म्हणणे आहे.

नगरपालिकेच्या हुकमाप्रमाणे आठ दिवसांत भिंत पुन्हा पिवळी करतोस का, असे फौजदारसाहेबांनी मला काल तीनदा विचारले. मी तीनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा जे बोललो त्याबद्दल माफी मागितली आहे.

आज तेच विचारता सांगतो की, करतो. कारण पुढीलप्रमाणे.

आज सकाळी साडेनऊ वाजता मारिका आमच्या दारात आली. तिने भिंतीला बोट लावून पाहिले. रंग वाळला होता. ती म्हणाली, "चुकून आले. आमचंच घर वाटलं." मी ब्रश हातात धरून दारातच उभा राहिलो. ती म्हणाली, "आता सरकशील का दारातून? त्या भातावरून कालपासून आमच्याकडे चूल पेटली नाहीये. म्हटलं, आहे तरी कसा ते बघू." आईने कालचाच भात गरम करून वाढला. मारिकाने दोनदा घेतला. नंतर म्हणाली, "बाजूची भिंत का सोडलीस रे?" मी म्हणालो, "रंग संपला." ती म्हणाली, "संपला नव्हता. ओतलास." आणि हसली. बेकरीत हसतात तसे नाही.

त्या वेळी धुके नव्हते. ऊन होते. पलीकडच्या काठावरच्या घंटाघराचे काटे आमच्या दारातून वाचता येत होते. हे मुद्दाम नोंदवून घ्यावे.

आल्विसेकाकांचे गमबूट अजून आमच्या दारात आहेत. मारिका ते न्यायला विसरली. मी आठवण केली तेव्हा, "उद्या नेईन," असे म्हणाली. तरी ते पुरावा म्हणून आज जप्त करू नयेत, अशी विनंती आहे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मारिकाचा भाग मी दोनदा वाचायला लावला. सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: नेवियो बुझेत्तो (उर्फ मी स्वतः लिहिलेले नाही)