निकेशने लॉक केलेले हब

मी, मधुकर तानबाजी झाडे, वय ५७ वर्षे, धंदा गाडी दुरुस्ती, राहणार देवळी, जिल्हा वर्धा, विचारल्यावरून समक्ष हजर राहून सांगतो की,

देवळीत माझे स्वतःचे गॅरेज आहे. शिक्षण सातवी. नानाजी भोयर, वय ६४, शेतकरी, यांची फोर-व्हील पिकअप बारा वर्षांपासून माझ्याकडेच येते. या गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांवर हब आहेत. चिखलात जायचे तर उतरून ते हाताने फिरवून लॉक करायचे आणि आतला दांडा टूमधून फोरमध्ये ओढायचा, म्हणजे चारही चाके ओढतात; डांबरावर आले की मोकळे करायचे. नुसते हब लॉक ठेवून चालवली तर पुढून घों-घों आवाज येतो, डिझेल जास्त लागते. त्याने गाडी हाताबाहेर जात नाही.

गेल्या वर्षी परतीच्या पावसात नानाजींचा मुलगा निकेश याने सोयाबीनच्या वावरातून गाडी काढताना हब लॉक केले. घरी आला तो ताप घेऊनच. सहाव्या दिवशी वारला. वय २६.

पुढे महिन्याभराने नानाजी गाडी घेऊन आले. आवाज ऐकून मी हब मोकळे करायला बसलो, तर त्यांनी माझे मनगट धरले. म्हणाले, "राहू दे मधू. थे निकेशनं लॉक केले हायेत." मी हसण्यावारी नेत म्हटले, भाऊ, गाडी कण्हून राह्यली. ते म्हणाले, "मीबी कण्हून राह्यलो. मले खोलतं का?" त्यानंतर मी विषय काढला नाही. गाडी दहा महिने तशीच चालली.

१२ ऑगस्टला दुपारी चारच्या सुमारास मी एका जीपखाली पडून काम करत होतो. नानाजींची गाडी आवाजावरून ओळखली. चौकात वळताना टायर घासले नाहीत, फोरमध्ये असती तर डांबरावर घासतात, म्हणजे आतला दांडा तेव्हा टूमध्ये होता. मी खालूनच हात हलवला. त्यांना दिसला की नाही, सांगता येत नाही.

१३ तारखेला सकाळी पाणी ओसरल्यावर गाडी गावाबाहेरच्या रपट्याखाली, म्हणजे बुटक्या पुलाखाली, नाल्यात सापडली. नानाजी आत होते. आदल्या संध्याकाळी रपट्यावरून पाणी वाहत होते. जमलेले लोक म्हणत होते की, पोराच्या मागे गेला, मुद्दाम घातली. त्यांच्या पत्नी आनंदाबाई काठावर बसून ते ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमाले गाडी समजते. थे आपल्या मनानं गेले काय?"

ठाण्याच्या साहेबांसमोर मी गाडीत पाहिले. दांडा फोरमध्ये होता. गिअर रिव्हर्समध्ये. म्हणजे पाण्यात शिरल्यावर त्यांनी दांडा ओढला आणि गाडी मागे घेत होते. हब लॉक असल्याने उतरावे लागले नाही. चारही चाके ओढत असणार. पाणी जास्त होते. मी आनंदाबाईंना सांगितले, "वहिनी, नानाभाऊ वापस येऊन राह्यले होते." त्या उठून गाडीजवळ आल्या. पदराने गाडीच्या दारावरचा गाळ पुसत राहिल्या.

गाडी ठाण्यात आणण्यासाठी क्रेनने मागून उचलायची होती. दांडा आणि गिअर हलवू नका, असे साहेबांनी सांगितले. गिअरमुळे अडकलेली पुढची चाके फिरण्यासाठी हब मोकळे करणे हे दोन मिनिटांचे काम होते. मी ते न करता गाळात शिरून पुढच्या चाकांना जोर पोचवणारी शाफ्ट उतरवली. त्यात दीड तास गेला. उशीर का केला, असे मला विचारण्यात आले, म्हणून वरील हकीकत सांगितली. हब अजून लॉक आहेत.

हवालदारांनी हा जबाब मोठ्याने वाचला, मी ऐकला. मी सांगितला तसाच आहे. सही.