पंगत उठू दे

...अन् वरून मलेच विचारते, 'पाच तास काय करून राहिले होते?' आता तुमाले सांगतो, अकोल्याच्या त्या डॉक्टरले मी काय सांगू? म्हनलं, साहेब, पंगत उठवून राहिलो होतो!

नातवाच्या नवसाचे रोडगे होते ना, आमच्या हिवरखेडच्या वावरात. दोनशे पान! कणकेचे ते गोळे भाजाले मी, शालिकराम. गोवऱ्याच्या आरात माहा एक रोडगा कच्चा निघाला तं मिशी उतरवीन, अशी आपली ख्याती... अन् बाराच्या सुमारास बायको, माणिक, येऊन म्हनते, जबडा दुखून राहिला, पार डाव्या खांद्यापर्यंत. घामानं पातळ ओलंचिंब. मी काय म्हनलं? गॅस हाये, दुसरं काय!

मग काय, गावात डॉक्टर एक अन् औषध सांगनारे ढीगभर. देवरावभाऊनं लिंबूसोडा पाजला. गोदाबाईनं बेंबीवर हिंग थापलं. ढेकर आली तं सगळे खूश, निघाला म्हने गॅस. अरे, सोडा पेल्यावर म्हशीलेही ढेकर येईल! पोरगा, पियुष, गाडी काढतो म्हने, अकोल्याले नेऊ. तं हीच म्हनते, "लोकं पानावर बसले अन् घरची बाई उठून जाते का कुठं? शेवटची पंगत उठू दे. गॅस तं हाये." अन् मी काय करावं? मी तिच्यासमोर लोकायले आग्रह करून राहिलो, घ्या, अजून एक रोडगा घ्या, वांग्याची भाजी घ्या... पाच वाजेपर्यंत!

मंग नेलं अकोल्याले. डॉक्टरनं कार्डिओग्राम काढला. म्हने, मोठा अटॅक हाये, बाराले आनलं असतं तं नस उघडता आली असती. म्हने, बायांले कधी कधी छातीत दुखतच नाई, काका. दिवेलागणीले गेली माही माणिक. तिचं पान वावरात झाकूनच राहिलं. मीच झाकलं होतं, गरम राहावं म्हनून.

आता मी गावात कोनी ढेकर देली तरी गाडीवर बसवतो अन् अकोल्याले नेतो. चौदा जन नेले. मले पाहून लोकं ढेकर गिळून घेतात. हसा, हसा... मलेही हसू येते कधी कधी.

परवा माह्याच छातीत कळ आली. खरं सांगतो, भेव नाई वाटलं. म्हनलं, चाल शालिकराम, बोलावलं तिनं. पियुषनं गाडी अशी पळवली का विचारू नका. गेल्या गेल्या कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, तीन तासानं पुन्हा तपासलं. अन् तोच डॉक्टर, पाठीवर हात ठेवून म्हनते, "काका, गॅस हाये."

बोला आता! साऱ्या घरात खरा गॅस होता, तो मलेच.