मागे नाव नसलेली पाटी

सोमवारी सकाळी अकरा वाजता हे गेले. इंदिरानगरात एका घरी शिडीवर होते, खाली उतरले, बसले, आणि गेले.

मी मूळची पंचवटीतली, वडील कारकून, आम्ही तिघी बहिणी. मी शाळेत ग्रंथपाल होते, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. यांच्या घरी फुलशेती, पण यांचा हात रंगात बसला. साधा रंग लावणारे पुष्कळ असतात, हे तसले नव्हते, काय सांगू तुम्हाला, आधी त्या माणसाच्या घरी तासभर नुसते बसायचे, चहा घ्यायचे, काय वाचता, राग कशाचा येतो, सकाळी किती वाजता उठता असं विचारत राहायचे, आणि मग त्याच्या स्वभावाची भिंत करायचे. कुणाला ओल्या फडक्याने उठवलेले ढग, कुणाला स्पंजाचे ठिपके. आधी प्लायच्या फूटभर पाटीवर नमुना करायचे आणि मागे पेन्सिलीने त्या घराचं नाव.

नाव लिहायच्या आधी पाटी माझ्यासमोर धरायची, ही आमची रीत. सांग, कोण असेल? मी म्हणायची, हा बायकोला घाबरतो, हा कुणाला जेवायला बोलावणार नाही, आणि हे हसायचे, कारण बहुतेक बरोबर निघायचं. आमच्या भिंती मात्र पांढऱ्या. मी टोमणा मारला की म्हणायचे, घरी आल्यावर ब्रश नको वाटतो.

तेराव्यानंतर मी माळ्यावरच्या पाट्या काढल्या, जुनी सवय, नंबर घालायला बसले. चाळीस निघाल्या. एकीच्या मागे नाव नव्हतं. काळपट हिरवा, त्यावर कंगव्याने दाट ओढलेल्या उभ्या रेघा, रेघांतून कुठेकुठे केशरी. ती मला आठवली. तेव्हा मी म्हटलं होतं, ही बाई सगळ्यांवर संशय घेत असणार, हिच्याकडे मी पाणीसुद्धा पिणार नाही. त्यावर हे हसले नव्हते. असं नको म्हणूस, तिचं मन चांगलं आहे, म्हणाले आणि पाटी घेऊन गेले.

तिचं म्हणजे कुणाचं? बाकी सगळ्यांची नावं लिहिली, हिचंच का नाही? चाळीस वर्षांच्या संसारात मी यांचा खिसा कधी तपासला नव्हता, आता शर्ट धुवायला टाकतानाही तपासायला लागले, गेलेल्या माणसाचे शर्ट. इंदिरानगरच्या त्या घरी एक प्राध्यापक बाई एकट्या राहतात. एका भिंतीला चार दिवस पुरतात, तिथे हे अकरा दिवस जात होते. यांचे ब्रश आणायचं निमित्त करून मी तिथे गेले. भिंत पिवळी होती, फडक्याची, अर्धी राहिलेली. बाई म्हणाल्या, काका तुमच्याबद्दल फार बोलायचे, आणि मला वाटलं, हे सांगायची हिला एवढी घाई का? अकरा दिवसांचं विचारलं तर म्हणाल्या, दम लागायचा त्यांना, मध्ये मध्ये बसून राहायचे. मला घरी कधी बोलले नव्हते. तरी माझा विश्वास बसेना.

शेवटी यांच्याबरोबर वीस वर्षं काम केलेल्या बाळूभाऊंना बोलावलं आणि पाटी पुढे ठेवली. त्यांनी ती उलटून मागची बाजू पाहिली. मग म्हणाले, वहिनी, ही तुमची. तुम्ही रिटायर होणार म्हणून हॉलची भिंत करायची होती. तुम्ही काय म्हणालात ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि परत विषय काढला नाही.

मी म्हटलं, भाऊ, माझी समजूत घालायला खोटं सांगू नका.

खोटंच सांगायचं असतं, ते म्हणाले, तर इंदिरानगरच्या त्या पिवळ्या भिंतीची हसरी पाटी तुमची म्हणालो असतो, ही नाही.

 पुष्कळ दिवसांनी मी त्यांनाच म्हटलं, करून द्याल का तशी भिंत? ते म्हणाले, रेघा ओढीन, पण तो हिरवा त्यांनी एकट्याने कालवला होता, कशात काय किती घातलं ते मला माहीत नाही. मी यांच्या वह्या पाहिल्या, कुठे लिहिलेलं नाही.

हॉलची भिंत बारा फुटांची आहे. माझ्याकडे त्यातला एक फूट आहे.