फुलखांब उपटले, त्या सकाळी

(उत्तर चीन, १९००चा शरद. परदेशी फौजांनी तिएनजिन घेतलंय. त्यांच्याशी लढून हरलेल्या मुष्टियोद्ध्यांना आता सरकारी शिपाईच गावोगाव हुडकताहेत. फान वस्ताद आपल्या अंगणातले तालमीचे खांब उपटतोय; त्याची बायको, माई, जवळच आहे. त्याचा शिष्य तेहाय दारातून आत येतो.)

तेहाय : थांबा वस्ताद! त्यांना कुऱ्हाड लावू नका!

फान : तेहाय? जिता आहेस? आधी दार लाव.

तेहाय : तुमच्या पणजोबांनी रोवलेत हे. फुलाच्या पाच पाकळ्या, तसे पाच खांब. ह्यांच्यावरच पाय टाकायला शिकलो आम्ही.

फान : म्हणूनच उपटतोय. वरच्या गावात असले खांब दिसले आणि शिपायांनी बापलेकांची मुंडकी उडवली. धाकटा भाऊ कुठाय तुझा?

तेहाय : तिएनजिनला. वेशीपाशी.

माई : पडला?

तेहाय : माझ्या पुढेच होता, माई. मंतरलेल्या कागदाची राख पाण्यातून पाजली आम्हाला म्होरक्यांनी. म्हणाले, आता गोळी शिवणार नाही. त्यानं छाती काढली आणि...

फान : हे मी शिकवलं तुम्हाला?

तेहाय : नाही.

फान : उपाशी माणसालाही ताठ उभं राहता यावं, म्हणून पूर्वजांनी ही विद्या जपली. गोळ्या झेलायला नाही! निघताना बजावलं होतं, आपल्या तालमीच्या फुलाचं नाव घेऊन लढायला जाऊ नका.

तेहाय : नाही घेतलं. भलत्याच नावाखाली मेला तो. आता तरी म्हणा वस्ताद, तुमचा होता म्हणून.

माई : म्हणा की हो.

फान : ...माझाच होता. माझ्याहून हलकं पाऊल होतं त्याचं.

माई : बाजरीची पेज आहे. बस, बाबा.

तेहाय : नको, माई. मला थारा दिला तर गाव पेटवतील. शान्शीकडे जातो. कोळशाच्या खाणीत कुणी नाव-गाव विचारत नाही.

फान : जरा चालून दाखव.

तेहाय : आत्ता?

फान : चाल म्हणतो ना! बघ, पाठ सरळ, गुडघा सैल, पाऊल मांजराचं. नाक्यावरचा शिपाई लांबूनच ओळखेल. पाय फरफटव.

तेहाय : असा?

फान : खांदे पाड. मान खाली. जन्मात कुणी काही शिकवलंच नाही, असा चाल.

तेहाय : नाही जमत, वस्ताद.

फान : पुन्हा.

माई : पुरे करा हो. रडतोय तो.

फान : रडू दे. पाय बघ त्याचे... हां. आता कुणाचाच शिष्य वाटत नाहीस. जा.