पहिला आकडा कुठे जातो?

परळच्या इस्पितळात वॉर्डाबाहेरच्या बाकावर वैजयंतीबाई नवऱ्याचे रिपोर्ट घेऊन बसल्या होत्या. शेजारी दोघं अनोळखी भावंडं लॅपटॉपमध्ये डोकं घालून बोलत होती.

“दादा, हे बाबांचं कोडं. कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. पडद्यावर चौकोन मांडायचे, तारांनी जोडायचे आणि आकड्यांची यादी उलटी करून दाखवायची.”

“बाबांनी केलं हे? या वयात?”

“मी सोडवते ना अशी कोडी, म्हणून बाबाही शिकले. म्हणाले, ‘केतू, यादी उलटी होते गं, पण पहिला आकडा गायब होतो. कुठे जातो, तेवढं बघून सांग.’”

“मग?”

“म्हटलं, रविवारी बघते. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी त्यांना पक्षाघाताचा झटका आला.”

“आता तरी बघ.”

“बघितलं. एक तार भलत्याच चौकोनाला लागलीये, बस.”

“मग आत जाऊन सांग त्यांना.”

“काय सांगू? सकाळी डॉक्टरांनी एक ते पाच म्हणायला सांगितलं. बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले.”

वैजयंतीबाईंनी बाकावरची पिशवी मांडीवर घेतली आणि त्या मुलीला टेकायला जागा करून दिली.

“केतू, चूक शोधायला किती वेळ लागला?” भावाने विचारलं.

“दोन मिनिटंसुद्धा नाही रे.”